बेळगावची नोटीस, कुंडलचा माळ : लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग

नवी दिल्ली (मयूर विहार), २० जून : लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या शेतात उतरविणारे आणि किर्लोस्कर उद्योगाचा पाया घालणारे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांची आज जयंती. २० जून १८६९ रोजी बेळगाव भागातील गुर्लहोसूर या गावी त्यांचा जन्म झाला. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. शाळेच्या पुस्तकांत आणि जयंतीच्या भाषणांत त्यांचे चरित्र बहुधा एका जिद्दी माणसाची कहाणी म्हणून सांगितले जाते. ती कहाणी खोटी नाही, पण अपुरी आहे. कारखाना कोठे उभा राहील, कोणता माल काढील, कच्चा माल कोठून आणील आणि कोणासमोर हात पसरील, हे लक्ष्मणरावांच्या बाबतीत अनेकदा बाहेरच्या शक्तींनीच ठरविले. त्यांच्या हाती होते ते एवढेच, की अशी वेळ आल्यावर आपल्या घरात कोणती माणसे आणि कोणते कसब तयार आहे.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाने चित्रकलेच्या नादी लागावे, हे त्यांना रुचणारे नव्हते. तरीही १८८५ मध्ये लक्ष्मणरावांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. खर्चाचा भार थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांनी उचलला. दोन वर्षांत एक विलक्षण अडचण उघड झाली. लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेदच कळत नव्हता. रंगांधळा चित्रकार म्हणून पुढे जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यांत्रिक आरेखन ते शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये दरमहा ४५ रुपये पगारावर साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाले. मोकळ्या वेळात संस्थेच्या कर्मशाळेत यंत्रे हाताळणे, ती खोलणे आणि पुन्हा जोडणे हा त्यांचा छंद झाला. पुढे हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. वसाहतीच्या राज्यात एतद्देशीय शिक्षकाची वाट कोठवर जाते, याचा हिशेब त्यांच्यापुरता संपला होता.

बेळगावात १८८८ मध्येच दोघा भावांनी सायकलींचे दुकान थाटले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि रामूअण्णा त्या विकीत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. सायकल तेव्हा श्रीमंतांची चैन होती. अशा मालाला मोजकेच गिऱ्हाईक असते, आणि तेवढ्या गिऱ्हाइकांवर कारखाना उभा राहत नाही. दुकानाने पवनचक्क्यांची एजन्सीही घेऊन पाहिली. या खटपटींतून लक्ष्मणरावांचे लक्ष शेताकडे वळले. भोवतालचा सारा मुलूख शेतीवर जगत होता आणि त्याची अवजारे मात्र शतकानुशतके लाकडाची होती. आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगर तेथवर पोहोचत नाही. लोखंडी नांगर माती खालून वर पलटतो आणि मुळ्या उघड्या पाडतो. विलायती नांगर बाजारात येत होते, पण ते महाग होते, आणि मोडलेला भाग मिळणे त्याहून कठीण. म्हणजे वस्तूची गरज होती, ती बनविण्याचे ज्ञान होते, परकीय मालापेक्षा स्वस्त विकण्याची सोयही होती. तरीही पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत रूढ होती.

या समजुतीकडे अडाणीपणा म्हणून पाहण्याचा मोह आजच्या वाचकाला होईल. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र थोडे वेगळे दिसते. जड नांगर ओढायला बैलांच्या जास्त जोड्या लागतात. एखादे वर्ष फसले तर सावकार दारात उभा राहतो. नव्या अवजाराचा धोका पत्करण्याची ऐपत ज्याच्याजवळ नाही, तो जुन्या शहाणपणाचा आधार घेतो. लक्ष्मणरावांनी वाद घातला नाही. प्रदर्शनांत, शेतांत नांगर चालवून दाखविला, तक्रारी ऐकल्या आणि त्यांप्रमाणे नांगर सुधारला. ही सवय पुढे किर्लोस्करांच्या व्यवसायाचा कणा ठरली.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागते न लागते तोच दुसरा आघात झाला, आणि तो बाजारातून आला नाही. नव्या उपनगरासाठी जागा रिकामी करण्याची नोटीस बेळगाव नगरपालिकेने कारखान्याला बजावली. भट्ट्या, यंत्रे, कामगार आणि त्यांची बिऱ्हाडे घेऊन जायचे कोठे, याचे उत्तर लक्ष्मणरावांजवळ नव्हते. मयूर विहारसारख्या वसाहतींत लहानसा धंदा चालविणाऱ्या दिल्लीकराला या प्रसंगाची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही. निवासी भागांतील व्यापारी वापराविरुद्ध २००६ मध्ये आणि पुन्हा २०१७च्या अखेरीपासून या महानगरात सीलिंगची मोहीम चालली, तेव्हा माल चांगला, हिशेब चोख आणि गिऱ्हाईक बांधलेले असूनही जागेच्या एका नियमाने शटर बंद होऊ शकते, हे येथल्या दुकानदारांनी पाहिले. शहराला नियोजन हवे, हे खरेच. नियोजनाचा नकाशा बदलतो तेव्हा आतल्या माणसाने उमेदीची किती वर्षे तेथे ओतली, हे मात्र त्या नकाशावर दिसत नाही.

लक्ष्मणरावांना वाट मिळाली ती औंध संस्थानातून. तेथील देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम त्यांनी घेतले होते. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. ते स्वतः चित्रकार, कलेचे आणि कारागिरीचे पारखी. सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून त्यांचे नाव पुढे सर्वदूर झाले. लक्ष्मणरावांची अडचण त्यांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी संस्थानात हवी ती जागा निवडण्याची मुभा दिली आणि कर्जही दिले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड या छोट्या रेल्वे स्थानकाजवळचा सुमारे ३२ एकरांचा माळ निवडला. निवडुंग माजलेला, नागांचा वावर असलेला आणि पाण्याची वानवा असलेला तो माळ पाहून अनेकांनी भुवया उंचावल्या असतील. निवड मात्र विचारपूर्वक होती. लोखंड आणि कोळसा आणायचा, नांगर पाठवायचे, तर दारात रेल्वे हवी. पाणी खणून काढता येते, रेल्वेमार्ग खणून काढता येत नाही.

१० मार्च १९१० रोजी या माळावर किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे आधी तेथे आली. वसाहतीची आखणी आणि बांधणी रामूअण्णांनी हाती घेतली. शंभुराव जांभेकर यंत्रे सांभाळीत आणि आजाऱ्यांनाही पाहत. मंगेशराव रेगे यांच्याकडे कचेरी आणि हिशेब होते. शिक्षण अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंते निघाले. के. के. कुलकर्णी यांच्याकडे बाहेरची, माणसे जोडण्याची कामे होती. पदव्यांच्या कसोटीवर यांतील काही जणांना अन्यत्र दारही उघडले नसते. तुरुंगवास भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे लक्ष्मणरावांनी वसाहतीचा पहारा सोपविला, आणि तो विश्वास सार्थ ठरला. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, असा दंडक होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ग्रामीण महाराष्ट्रात हा नियम आजूबाजूच्या गावांच्या रीतीविरुद्ध जात होता. उदार वृत्तीइतकीच त्यामागे व्यवहाराची गरजही असावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते : एकाच भट्टीपाशी घाम गाळणारी माणसे पाण्याच्या घड्याशी वेगळी बसू लागली, तर कारखाना चालत नाही.

या माणसांची परीक्षा चार वर्षांतच झाली. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि समुद्रापलीकडून येणारे लोखंड, यंत्रांचे भाग, रंग यांची टंचाई पडली. जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यातील पोलाद सरकारच्या युद्धकार्याकडे वळले. छोट्या कारखान्याच्या वाट्याला काय उरणार? कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज मदतीला आले. संस्थानातील किल्ल्यांवर पडून असलेल्या निकामी तोफा त्यांनी किर्लोस्करांना दिल्या, आणि त्या वितळवून वाडीत नांगर ओतले गेले. मात्र याच युद्धाने किर्लोस्करांना बाजारही मोकळा करून दिला. विलायती नांगरांची आवक मंदावली आणि देशी नांगराला मागणी वाढली. एकाच घटनेने कच्चा माल हिरावला आणि स्पर्धकही दूर सारला. ज्याच्यापाशी ओतकामाचे स्वतःचे ज्ञान होते, त्यालाच या दुसऱ्या गोष्टीचा लाभ घेता आला.

औंध आणि कोल्हापूर यांचे हे साहाय्य किर्लोस्करांच्या कथेत अनेकदा तळटीपेसारखे येते. ते मध्यावर असायला हवे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारला विलायती कारखान्यांच्या मालाचा खप प्यारा होता. संस्थानिकाच्या हाती अधिकार थोडे असले, तरी माळरानावर कारखाना येऊ देण्याइतके ते होते. काचेचे कंदील बनविणारा ओगल्यांचा कारखानाही याच औंध संस्थानाच्या आश्रयाने वाढला. राजाश्रय नसता तर लक्ष्मणराव मोडून पडले असते की नाही, हे सांगणे कठीण, पण वाडी मात्र उभी राहिली नसती.

युद्धानंतर, १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. मालाची माहिती एजंटांपर्यंत आणि गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविण्यासाठी निघालेले हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि ‘स्त्री’ व ‘मनोहर’ यांच्यासह मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाचा भाग बनले. नांगराच्या कारखान्यातून स्त्रियांच्या प्रश्नांवर बोलणारे मासिक निघावे, हे मराठी उद्योगाच्या इतिहासातील आगळेच प्रकरण आहे.

अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून थोरले चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये परतले. लवकरच जागतिक मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या हाती नांगर घेण्यापुरताही पैसा उरला नाही. वाडीने उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप, लेथ आणि लोखंडी फर्निचर अशा अनेक वस्तूंकडे मोर्चा वळविला. केवळ शेतकऱ्याच्या खिशावर अवलंबून राहण्यातला धोका तेव्हा पुरता लक्षात आला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रहत्यारांचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यात तेलइंजिनांची आणि बंगळुरूत विजेच्या मोटारींची कंपनी स्थापन झाली. कारभार आता पुढच्या पिढीकडे गेला होता.

१९४८चा फेब्रुवारी मात्र कोणत्याही कारभाराच्या आवाक्यातला नव्हता. महात्मा गांधींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले झाले. त्यांत किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळण्यात आला. शिवाशीव मोडून वसविलेली, तुरुंगातून आलेल्यांना पहारेकरी करणारी वाडी जमावाने जातीच्या नावाने ओळखली. चांगला माल, चांगली माणसे, चांगला हिशेब यांपैकी काहीही त्या दिवशी आगीच्या आड आले नाही. पुढच्याच महिन्यात, ८ मार्च १९४८ रोजी, औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ज्या राजसत्तेच्या आधाराने वाडी उभी राहिली होती, तीही संपली. जुना आश्रयदाता नाही, जळालेला कारखाना समोर, आणि लक्ष्मणराव ७८ वर्षांचे. कारखाना पुन्हा उभारला गेला. हरिहर, पुणे आणि बंगळुरू येथे उद्योग आधीच पसरला असल्याने सारे काही एकाच माळावर पणाला लागलेले नव्हते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. कुंडल रोड स्थानकाचे नाव तोवर किर्लोस्करवाडी झाले होते. वाडीत पंप, हरिहरला लेथ, पुण्यात इंजिने आणि बंगळुरूत मोटारी तयार होत होत्या. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर रोजी, राज्यपुनर्रचनेत त्यांचे जन्मगाव आणि त्यांना जागा रिकामी करायला लावणारे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, आणि किर्लोस्करवाडी मुंबई राज्यात राहिली.