एकवीस वर्षांचे आयुष्य



चर्चच्या खिडक्यांच्या रंगीत काचांवर आपण संतांची चित्रे पाहतो. इंग्लंडमधील डडली या गावच्या संत फ्रान्सिस चर्चमध्ये मात्र अशा काचेवर फुटबॉलच्या पोशाखातला एक तरुण दिसतो. हे चर्च अँग्लिकन पंथीयांचे आहे. तो तरुण कुणी संत नव्हता, त्याच वस्तीत वाढलेला एका कामगाराचा मुलगा होता. त्याचे नाव डंकन एडवर्ड्‌स. तो गेला तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता.

डंकनचा जन्म १ ऑक्टोबर १९३६ रोजी डडलीत झाला. त्याची धाकटी बहीण १९४७ मध्ये चौदा आठवड्यांची असतानाच देवाघरी गेली आणि आईवडिलांना तो एकटाच उरला. शाळेत तो फुटबॉल खेळे, तसाच लोकनृत्यातही भाग घेई. नृत्याच्या राष्ट्रीय महोत्सवासाठी त्याची निवड झाली, पण शालेय फुटबॉल संघाची निवड चाचणी नेमकी त्याच दिवशी आली. त्याने फुटबॉल निवडला.

१९५२ मध्ये तो मँचेस्टर युनायटेड क्लबमध्ये दाखल झाला. खेळात जमले नाही तर पोटापाण्याला काही असावे म्हणून त्याने सुतारकामाची उमेदवारीही धरली होती. त्या हत्यारांची गरज पडली नाही. ४ एप्रिल १९५३ रोजी, वयाच्या साडेसोळाव्या वर्षी, तो क्लबच्या मुख्य संघातून मैदानात उतरला. २ एप्रिल १९५५ रोजी तो इंग्लंडकडून पहिला सामना खेळला, तेव्हा त्याला अठरा वर्षे पूर्ण होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर इतक्या लहान वयात इंग्लंडकडून कुणी खेळले नव्हते. हा विक्रम १९९८ पर्यंत टिकला.

क्लबचे व्यवस्थापक मॅट बझबी हे स्कॉटलंडच्या कोळसा खाणीच्या वस्तीतले, कॅथलिक कुटुंबातले. त्यांनी कोवळ्या पोरांचा संघ बांधला. लोक कौतुकाने त्यांना बझबीची बाळे म्हणत. या संघाने १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लंडची लीग जिंकली. डंकन अंगाने दणकट, दोन्ही पायांनी सारखाच खेळणारा. बचावात उभा करा, नाहीतर पुढे पाठवा, तो तिथलाच वाटे. पण मैदानाबाहेर तो लाजाळू आणि साधा होता. दारूला शिवत नसे. त्याच्याकडे मोटार नव्हती, सायकल होती. एकदा दिव्याविना सायकल चालवल्याबद्दल पोलिसांनी त्याला दंड केला आणि वर क्लबने दोन आठवड्यांचा पगार कापला!

६ फेब्रुवारी १९५८. युरोपियन चषकाचा सामना खेळून संघ बेलग्रेडहून परतत होता. इंधन भरण्यासाठी विमान म्युनिकला उतरले. धावपट्टीवर अर्धवट वितळलेला बर्फ साचला होता. उड्डाणाचे दोन प्रयत्न फसले. आज काही निघणे होत नाही असे समजून डंकनने मँचेस्टरच्या घरमालकिणीला तार केली की उद्या येतो. ती तार पोहोचण्याआधीच तिसऱ्या प्रयत्नात विमान कोसळले होते. एकूण तेवीस जणांचा बळी गेला, त्यांत आठ खेळाडू होते. बझबींची अवस्था इतकी नाजूक होती की त्यांना इस्पितळात अंतिम तैलाभ्यंग देण्यात आला. ते वाचले. डंकनचे पाय मोडले होते, मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्या अवस्थेतही त्याने येत्या शनिवारचा सामना किती वाजता आहे याची चौकशी केल्याचे सांगतात. पंधरा दिवस त्याने झुंज दिली. २१ फेब्रुवारीच्या पहाटे त्याची प्राणज्योत मालवली.

डडलीत पाच हजारांहून अधिक लोक त्याला निरोप देण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा उभे होते. दफनभूमीत बहिणीशेजारी त्याला मूठमाती मिळाली. संत फ्रान्सिस चर्चमधली ती खिडकी १९६१ साली बसवली गेली, तेव्हा बझबी स्वतः हजर होते. १९९९ मध्ये बाजारपेठेत त्याचा पुतळा उभा राहिला. ज्यांनी त्याला कधी खेळताना पाहिले नाही, असेही कित्येक चाहते त्याच्या कबरीवर फुले ठेवून जातात.

पुढे डंकनचे वडील त्याच दफनभूमीत माळीकाम करू लागले. लोकांना वाटे, मुलाच्या कबरीजवळ राहता यावे म्हणून त्यांनी हे काम घेतले. ते मात्र सांगत की तसे काही नाही, काम बदलायचे होते आणि फुलांची आवड पहिल्यापासूनच होती. येणारे अनोळखी लोक त्यांना भेटत आणि डंकनविषयी बोलत.

डंकन जगला असता तर १९६६ च्या विश्वचषकाच्या वेळी एकोणतीस वर्षांचा असता, कदाचित इंग्लंडचा कर्णधार असता, असा हिशेब आजही मांडला जातो. तत्त्वज्ञानात शक्यता आणि वास्तव असा भेद करतात. बी ही शक्यता, झाड हे वास्तव. मृत्यू शक्यता हिरावून नेतो आणि तिचा हिशेब कधीच पुरा होत नाही. पण जे घडले ते मृत्यूलाही पुसता येत नाही. डंकन क्लबकडून १७७ सामने खेळला, इंग्लंडकडून अठरा. त्या मैदानांवर हजारोंना त्याने आनंद दिला. तो आनंद खरा होता आणि खराच राहील.

बंधू-भगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही तरुण मुलगा किंवा मुलगी गमावलेली घरे आहेत. तिथे गेल्यावर आपण इकडचे तिकडचे बोलतो आणि त्या लेकराचे नाव मात्र टाळतो. आईवडिलांची जखम उघडी पडेल असे आपल्याला वाटते. पण ती जखम कधी झाकलेलीच नसते. नाव घ्यायचे सर्वांनी सोडले, तर आपले मूल दुसऱ्यांदा गेले असे त्यांना वाटते. डंकनच्या आईचे निधन २००३ साली झाले. तोवर पंचेचाळीस वर्षे परकी माणसे तिच्याजवळ तिच्या मुलाचे नाव प्रेमाने काढत राहिली.

या आठवड्यात अशा एखाद्या घरी जरूर जा. त्या मुलाचे नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा, आणि मग सर्व मिळून त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आपला धर्मगुरू