पंडिता रमाबाई

जगाच्या उत्पत्तीपूर्वी प्रभु येशू होता काय, असे किन्हीराजाची मुले आम्हांस पुष्कळदा विचारतात. त्या वेळी आम्हांस पंडिता रमाबाईंचे स्मरण होते.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या ह्या कन्येचा जन्म १८५८ साली झाला. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांस ‘सरस्वती’ ही पदवी अर्पण केली. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि विचार करणे सोडले नाही. ख्रिस्ताचे ईश्वरत्व व त्रैक्य ही मते त्यांस पटेनात. १८८५ साली त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी त्याविषयी पत्रद्वारे निकराचा वाद केला.

पुढे त्यांची श्रद्धा दृढ झाली. केडगाव येथे हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी सबंध बायबल सोप्या मराठीत उतरविले. त्यात योहानाचे शुभवर्तमानही आले. सृष्टी झाली ती ज्याच्या योगे, तो देवाचा शब्दच मनुष्य झाला, अशी योहानाची साक्ष आहे. तेव्हा बेथलेहेमात आरंभ झाला तो देहाचा. पुत्र अनादीच होय.

भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी बाई प्रभूकडे गेल्या. बाळांनो, शंका मनात दडवू नका. बाईंप्रमाणे ती मूळ शास्त्रापाशी न्या.