अमरत्वाच्या औषधाला विष म्हणणारे वैद्य

चीनच्या हुबेई प्रांतात १५१८ मध्ये वैद्याच्या घरी जन्मलेले ली शिझेन सरकारी परीक्षेत तीनदा नापास झाले आणि वडिलांच्याच व्यवसायात उतरले. तो काळ हिंगुळाच्या मोहाचा होता. पारा आणि गंधकाचे हे लाल खनिज निद्रानाश, छातीतील धडधड यांवर दिले जाई. त्यापासून केलेली औषधे अमर होण्यासाठीही घेत. सम्राट जियाजिंग ती घेत. १५६७ मध्ये झालेला त्यांचा मृत्यू याच विषबाधेने झाला असावा, असे मानतात.

ली यांनी २७ वर्षे खपून १५७८ मध्ये १८९२ औषधांचा ‘बेन्साओ गांगमू’ हा ग्रंथ पूर्ण केला. अमरत्वासाठी पारा खाणारे पंगू झाले, दगावले, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले. हिंगूळ तापवला की विषारी होतो, हेही बजावले. तापवल्यावर त्यातून पाऱ्याची वाफ सुटते. ग्रंथ १५९६ मध्ये छापून आला, तेव्हा ली यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

न तापवलेला हिंगूळ मात्र त्यांनी निर्धोक मानला. तोही दीर्घकाळ घेतल्यास पारा मूत्रपिंडात साठू शकतो, हे आज ठाऊक आहे. म्हणून पारायुक्त औषध, मग ते कितीही जुने असो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.