बोहल्यावरून पळालेला नारायण साताऱ्याच्या घळींमध्ये कसा पोहोचला?

जालन्याच्या जांब गावचा नारायण ठोसर. जन्म १६०८ चा. बाराव्या वर्षी तो बोहल्यावरून पळाला, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

नाशिकजवळ टाकळीला १२ वर्षं साधना, मग १२ वर्षं पायी भारतभ्रमण. या पायपिटीत त्यांना दुष्काळाने आणि लुटालुटीने पिचलेला मुलूख दिसला. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले, ते समर्थ रामदास म्हणून. आता नुसती स्वतःची साधना पुरेशी वाटेना, माणसं उभी करायची होती.

१६४८ मध्ये चाफळचं राममंदिर झालं. शिवाय ११ मारुती. चाफळहून माजगाव, उंब्रज, मसूर हे मारुती दिवसभरात पायी होतात, चालून बघा! सांगलीकडे शिराळा आणि बहे-बोरगाव. बह्याचा मारुती तर थेट कृष्णेतल्या बेटावर.

मठ वाढले, शिष्य वाढले, पण एकांत काही सुटला नाही. चाफळजवळची रामघळ, सज्जनगडाजवळची घळ, पलीकडे शिवथरघळ. गर्दी झाली की स्वारी डोंगरात.

१६७६ ला ते परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे सज्जनगडावर राहायला आले. १६८२ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला.