वेळेवरच्या मजुरीसाठी झटलेले लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केल्यानंतर ते मुंबईतील एका कापडगिरणीत भांडारपाल झाले. तेथे त्यांना कामगारांच्या दैन्याचे एक कारण उमगले. महिना भरला तरी मजुरी हाती पडत नसे. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे कर्ज यांवाचून गत्यंतर नसे. पुढे मिळालेली रक्कम व्याजातच जाई. शिल्लक टाकणार कोठून?

महात्मा फुले यांचे अनुयायी असलेल्या लोखंडे यांनी १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र चालविले. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या अर्जात रविवारची सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबरच, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मजुरी मिळावी, अशी मागणी होती.

१० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली. १८९७ मध्ये प्लेगग्रस्तांची सेवा करताना त्याच रोगाने लोखंडे यांचे निधन झाले. मजुरी ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन घालणारा कायदा त्यानंतर ३९ वर्षांनी, १९३६ साली झाला.

सुट्टीसाठी त्यांचे स्मरण होते. मजुरीच्या तारखेची मागणी मात्र विस्मरणात गेली. आज सुरतेच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या खानदेशी कामगाराने बँकेत खाते उघडले, तरी मजुरी वेळेवर जमा झाली नाही तर त्या खात्यात बचत साठणार नाही. लोखंडे यांनी हे बँकेआधीच ओळखले होते.