लॉर्ड रिपन : भारताचे पहिले कॅथलिक व्हाइसरॉय

मुंबईच्या फोर्ट विभागातील रिपन क्लब पारशी धुरीणांनी १८८४ साली स्थापन केला. चेन्नई महानगरपालिकेच्या शुभ्र मुख्यालयास रिपन बिल्डिंग असे नाव आहे. शाळेत असताना आपण सर्वांनीच भारतातील स्थानिक स्वराज्य संस्थांचे जनक म्हणून लॉर्ड रिपन यांचे नाव पाठ केले. परंतु ते कॅथलिक होते, आणि त्या श्रद्धेपायी आपले राजकीय जीवन संपुष्टात येईल हे ओळखूनही त्यांनी ख्रिस्तसभेत प्रवेश केला होता, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगत आहोत.

जॉर्ज फ्रेडरिक सॅम्युएल रॉबिन्सन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८२७ रोजी लंडनमध्ये १०, डाउनिंग स्ट्रीट येथे झाला. त्यांचे वडील त्या वेळी ब्रिटनचे पंतप्रधान होते; मात्र ते पद त्यांच्याकडे जेमतेम पाच महिनेच राहिले. रॉबिन्सन शाळेत किंवा विद्यापीठात गेले नाहीत, त्यांचे शिक्षण घरीच झाले. उमराव घराण्यातील हा तरुण ख्रिस्ती समाजवाद्यांच्या सहवासात आला आणि १८५२ साली यंत्रकारागिरांच्या लढ्यात त्याने कामगारांची बाजू घेतली. त्याच वर्षी ते हल येथून संसदेवर निवडून आले, पण हस्तकांनी मतदारांना लाच दिल्याचे सिद्ध झाल्याने ती निवडणूक रद्द ठरली. पुढे हडर्सफील्डने त्यांना निवडून दिले. १८५९ साली वडील व चुलते दोघेही निवर्तले आणि यॉर्कशायरमधील स्टडली रॉयलची विस्तीर्ण जहागीर त्यांच्याकडे आली. या जहागिरीच्या आवारातच फाउंटन्स मठाचे भग्नावशेष उभे आहेत. ११३२ साली स्थापन झालेला सिस्टर्शियन संन्याशांचा हा मठ आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३९ साली बंद करण्यात आला. ते अवशेष रोज दृष्टीस पडणाऱ्या मालकाच्या मनात काय येत असेल, असा विचार आमच्या मनात डोकावल्यावाचून राहत नाही.

राजकारणात त्यांची चढण वेगाने झाली. १८६३ मध्ये ते युद्धमंत्री झाले, १८६६ मध्ये काही महिने भारतमंत्री होते आणि १८६८ पासून ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळात प्रिव्ही कौन्सिलचे अध्यक्ष होते. प्राथमिक शिक्षणाचा १८७० चा कायदा याच काळात झाला. अमेरिकेशी चिघळलेला अलाबामा जहाजाच्या नुकसानभरपाईचा वाद मिटवण्यासाठी ते वॉशिंग्टनला गेले आणि १८७१ च्या तहानंतर त्यांना मार्क्विस ही पदवी मिळाली. शिवाय १८७० पासून ते इंग्लंडच्या फ्रीमेसन संघटनेचे ग्रँड मास्टर होते.

त्याच १८७० साली त्यांच्या पत्नीचे बंधू फ्रेडरिक व्हायनर यांना ग्रीसमध्ये दरोडेखोरांनी पकडले. खंडणीची रक्कम उभी केली जात असतानाच त्यांचा खून झाला. या आघाताने रिपन अंतर्मुख झाले. १८७३ साली त्यांनी खाजगी कारण देऊन मंत्रिपद सोडले. १८७४ च्या ऑगस्टमध्ये ग्रँड मास्टरपदाचाही राजीनामा दिला आणि ७ सप्टेंबर १८७४ रोजी लंडनच्या ऑरेटरीमध्ये त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. पत्नी अँग्लिकनच राहिल्या. त्यावरून या दांपत्यात दुरावा आल्याचे दिसत नाही.

देशात मात्र खळबळ उडाली. रोमच्या अधीन झालेला माणूस राज्यकारभारास अपात्र ठरतो, असा सूर टाइम्स या वृत्तपत्राने लावला. सर्वांत अधिक लागले असेल ते ग्लॅडस्टन यांचे लिखाण. रोमच्या पंथात जाणारा मनुष्य आपले बौद्धिक स्वातंत्र्य गमावतो आणि त्याची राजनिष्ठा पोपच्या मर्जीवर अवलंबून राहते, असा आक्षेप त्यांनी त्याच शरद ऋतूत जाहीरपणे मांडला. त्याला न्यूमन यांनी पुढील वर्षी दिलेले उत्तर प्रसिद्धच आहे. रिपन यांनी स्वतः वादात न पडता स्टडली रॉयल गाठले.

सहा वर्षांनी काळाने मोठी गंमत केली. १८८० साली ग्लॅडस्टन पुन्हा पंतप्रधान झाले आणि भारताच्या व्हाइसरॉयपदासाठी त्यांनी याच रिपन यांना निवडले. ब्रिटनमधील प्रॉटेस्टंट मंडळींनी निषेध केला, पण नेमणूक कायम राहिली.

भारतात आल्यावर रिपन यांनी अफगाण युद्ध आवरते घेतले. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा त्यांच्या काळात रद्द झाला. मराठी पत्रांनाही त्यामुळे मोकळा श्वास घेता आला. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. हा कायदा फारच तोकडा होता हे मान्य केले पाहिजे. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते आणि मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना लढा उभारावाच लागला. १८८२ साली रिपन यांनी हंटर शिक्षण आयोग नेमला. त्याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्यांच्या पैशावर वरच्या वर्गांचे शिक्षण चालते अशी तक्रार नोंदवून प्राथमिक शिक्षणाची मागणी केली आणि पंडिता रमाबाईंनीही साक्ष दिली.

१८ मे १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव ही त्यांची सर्वांत टिकाऊ कामगिरी होय. नगरपालिका व तालुका मंडळांत बिनसरकारी सभासदांचे बहुमत असावे, शक्य तेथे निवडणूक व्हावी, असे त्यात होते. कारभार सुधारेल म्हणून नव्हे, तर लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळेल म्हणून हे करायचे, अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती. गोऱ्या अधिकाऱ्यांनी प्रांतोप्रांती ठरावाची धार बोथट केली.

१८८३ साली त्यांची खरी कसोटी लागली. मोठ्या शहरांबाहेर युरोपियन आरोपीचा खटला भारतीय न्यायाधीशापुढे चालत नसे. कायदेमंत्री इल्बर्ट यांनी हा भेद दूर करणारे विधेयक मांडताच युरोपियन समाज खवळला. कलकत्त्यात सभा गाजल्या आणि व्हाइसरॉयची भररस्त्यात हेटाळणी झाली. अखेर जानेवारी १८८४ मध्ये तडजोड झाली. भारतीय न्यायाधीशांना अधिकार मिळाला, पण निम्मे तरी ज्युरी गोरे असावेत अशी मागणी करण्याची सवलत युरोपियन आरोपीस देण्यात आली. आमच्या मते ही माघारच होती. तरीही डिसेंबर १८८४ मध्ये रिपन मायदेशी निघाले तेव्हा कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत लोकांनी त्यांना अभूतपूर्व निरोप दिला. संघटित होऊन आवाज उठवल्यास सरकार नमते, हे गोऱ्यांकडून शिकलेले मुंबईकर वर्षभरातच राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनाचे यजमान झाले.

इंग्लंडमध्ये ते नौदलमंत्री, वसाहतमंत्री आणि १९०५ पासून लॉर्ड प्रिव्ही सील झाले. सप्टेंबर १९०८ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस भरली. पवित्र साक्रामेंताची मिरवणूक वेस्टमिन्स्टरच्या रस्त्यांवरून निघणार होती. प्रॉटेस्टंटांच्या विरोधाला घाबरून पंतप्रधान अॅस्क्विथ यांनी ती रोखण्याचे ठरवले आणि आर्चबिशप बोर्न यांना तसे खाजगीरीत्या कळवण्याचे काम मंत्रिमंडळातील या वृद्ध कॅथलिक सहकाऱ्याकडे दिले. निरोप पोहोचवला गेला. मिरवणूक साक्रामेंताविना निघाली आणि आशीर्वाद कॅथीड्रलच्या सज्जातून देण्यात आला. पुढच्याच महिन्यात रिपन यांनी मंत्रिपद सोडले. वय व प्रकृती हे जाहीर कारण होते. पण खरे कारण काय, हे त्यांच्या निकटवर्तीयांना ठाऊक होते.

९ जुलै १९०९ रोजी स्टडली रॉयल येथे त्यांचे निधन झाले. व्हायनर यांच्या खंडणीसाठी जमवलेल्या पैशातून लेडी रिपन यांनी तेथे संत मरियेचे अँग्लिकन मंदिर बांधले होते. त्याच मंदिरात, आधीच निवर्तलेल्या पत्नीच्या शेजारी, त्यांना पुरण्यात आले. त्यांचे एकुलते एक पुत्र १९२३ साली अपत्यहीन वारले आणि रिपन हे उमरावपद लयाला गेले.