हवा गेली की ब्रेक लागतो

पावसाळ्यात सूरजागडच्या उतारावर आमच्या ट्रॅक्टरची ट्रॉली पिन निसटून मागे पळाली. तिला ब्रेकच नव्हता! दोघं उडी मारून वाचले. तेव्हापासून जॉर्ज वेस्टिंगहाउस माझा देव. जन्म १८४६, अमेरिका. वडिलांच्या शेतीअवजारांच्या कारखान्यात यंत्रं शिकला. १८६९ मध्ये रेल्वेच्या एअर ब्रेकचं पेटंट घेतलं; पण नळी तुटली की ब्रेक गायब. १८७२ मध्ये पठ्ठ्याने गणितच उलटवलं. प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी. नळीत दाब असेतो ब्रेक सुटलेला, दाब गेला की लागलेला. डबा तुटला तरी आपोआप थांबणार. १९१४ मध्ये तो वारला. आता बाबा नवी ट्रॉली घेतायत. एअर ब्रेकसाठी ट्रॅक्टरला कॉम्प्रेसर लागेल, खर्च वाढेल. मी मात्र अडून बसलोय.